अंगणात गेलेली शाळा : कै. ताराबाई मोडक

शाळेच्या हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या शिक्षणव्रतीचे चरित्र लिहून द्यावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा कोणाविषयी लिहावे याचा विचार मला फार वेळ करावा लागला नाही. गेली काही वर्षे माझे वास्तव्य होसकोटे येथे आहे. बेंगळुरूहून कोलारकडे जाताना लागणारे हे तालुक्याचे गाव. शहाजीराजांच्या कर्नाटकातील जहागिरीत बेंगळुरू व कोलार यांच्याबरोबर होसकोट्याचाही उल्लेख होतो. त्यामुळे इतिहास वाचणाऱ्या मराठी माणसाला हे नाव अगदीच परके नाही. येथील पाट्या मात्र कन्नड लिपीत, आणि ती लिपी उतारवयात मी पहिलीतल्या मुलासारखी गिरवू लागले. अक्षरावर बोट ठेवून, अडखळत अडखळत मी वाचलेला पहिला सबंध शब्द होता ‘अंगनवाडी’. घराजवळच्या एका बैठ्या इमारतीवर ती पाटी होती. आरंभीची दोन अक्षरे लागली आणि उरलेला शब्द आपोआप उलगडला, कारण डोळ्यांना तो नवा असला तरी कानाला आधीच ठाऊक होता.

या शब्दाची आणि त्यामागील कल्पनेची मुळे महाराष्ट्रात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी गावच्या वस्त्यांत आहेत. जी कल्पना घेऊन हा शब्द देशभर गेला, ती तेथे रुजवणाऱ्या शिक्षिकेचे नाव ताराबाई मोडक. पाटी वाचताना मला आलेला अनुभव हाच त्यांच्या वाचनशिक्षणाचा पाया होता, हे त्यांच्या कार्याचा अभ्यास करताना माझ्या ध्यानी आले. जो शब्द मुलाच्या जिभेवर आणि मनात नाही, तो पाटीवर कितीही वेळा गिरवून घेतला तरी त्याचा होत नाही, अशी त्यांची धारणा होती. या एका धारणेमागे पन्नास वर्षांचे परिश्रम आहेत.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. माहेरचे आडनाव केळकर. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे मुंबईच्या प्रार्थना समाजाच्या कार्याशी निगडित होते. सुधारकी विचारांच्या त्या घरात मुलीने शिकणे ही गोष्ट वादाची नव्हती. घराबाहेरच्या समाजात मात्र ती अजून वादाचीच होती. १९१४ साली ताराबाई मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पदवीधर स्त्रिया बोटांवर मोजाव्यात असा तो काळ होता. पुढे त्यांचा विवाह अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी झाला. परंतु तो संसार टिकला नाही. १९२१ च्या सुमारास पदरी एक मुलगी घेऊन त्या स्वतंत्रपणे उभ्या राहिल्या. त्या दिवसांत पतीपासून विभक्त झालेल्या स्त्रीला समाजाचे किती बोल ऐकावे लागत असतील, याची कल्पना आज करणेही कठीण आहे. ताराबाईंनी त्या बोलांना उत्तर दिले ते कामाने.

राजकोट येथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या म्हणून त्यांची नेमणूक झाली. शिक्षिका घडवणारी ही संस्था होती. पद मानाचे, वेतन चांगले, आणि एकट्या स्त्रीला आधार देणारे होते. पण भावी शिक्षिकांना अध्यापनशास्त्र शिकवत असताना त्यांच्या मनात एक प्रश्न घर करून राहिला. या शिक्षिका उद्या ज्या मुलांसमोर उभ्या राहणार, ती मुले शाळेला एवढी भितात कशासाठी?

ही भीती काल्पनिक नव्हती. त्या काळच्या शाळेत मुलाचे शिक्षण धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवण्यापासून सुरू होई. मुळाक्षरांमागून बाराखड्या, त्यांच्यामागून जोडाक्षरे, शिवाय बालबोधीबरोबर मोडी. महिनोन्‌महिने मूल अर्थहीन आवाज घोकत राही. ज्याच्या घरी पोथी वाचली जाई, पत्रे येत, ते मूल या घोकंपट्टीच्या शेवटी काहीतरी गवसेल या भरवशावर तग धरी. ज्याच्या घरात अक्षराचा मागमूस नव्हता, ते मूल मध्येच गळून जाई. आणि मग त्या मुलालाच मंद ठरवले जाई. वाचता न येणे हा मुलाचा दोष समजला जाई, आणि त्यावर छडी हाच उपाय असे.

याच सुमारास भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी आरंभलेल्या बालमंदिराची वार्ता ताराबाईंपर्यंत पोचली. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता ते माँटेसरीबाईंच्या ग्रंथांकडे वळले आणि १९२० साली त्यांनी बालमंदिर उघडले. १९०७ साली रोममधील कष्टकऱ्यांच्या वस्तीत मारिया माँटेसरी यांनी जे बालगृह सुरू केले, त्याची तत्त्वे गिजुभाई गुजराती मातीत रुजवू पाहत होते. १९२३ मध्ये ताराबाईंनी राजकोटचे प्राचार्यपद सोडले आणि त्या भावनगरला गेल्या. शिक्षिकांना शिकवणारी प्राचार्या तीन-चार वर्षांच्या मुलांसमोर जमिनीवर बसून पुन्हा पहिल्यापासून शिकू लागली. सुमारे नऊ वर्षे त्या तेथे होत्या. मातृभाषा मराठी असूनही तेथे त्यांनी गुजरातीतून शिकवले, गुजरातीतून लिहिले. दुसऱ्या भाषेच्या अंगणात पाहुणे म्हणून शिरताना काय वाटते, याचा अनुभव त्यांना स्वतःला होता. पुढे आदिवासी मुलांमध्ये काम करताना हा अनुभव त्यांच्या कामी आला असावा, असे मला वाटते.

भावनगरच्या बालमंदिरात वाचनाची वाट उलट दिशेने जात असे. पुस्तक सर्वांत शेवटी येई. आधी हात, मग कान, मग अक्षर. पाणी ओतणे, बटणे लावणे, धान्य निवडणे, आकृत्यांच्या कडेने पेन्सिल फिरवणे अशा कामांतून बोटांना वळण लागे. गाणी, गोष्टी, गप्पा आणि आवाज ओळखण्याचे खेळ यांतून कान तयार होई. ‘कमळ’ या शब्दाच्या आरंभी कोणता ध्वनी आहे, हे मूल ऐकून सांगू लागे. त्यानंतर खरखरीत कागदाची कापून चिकटवलेली अक्षरे येत. मूल त्यांवरून बोट फिरवी आणि त्याच वेळी त्या अक्षराचा उच्चार करी. अशा रीतीने एकच अक्षर डोळ्याला, बोटाला आणि कानाला एकदम भेटे. पुढे सुटी अक्षरे जुळवून मूल आपल्याच मनातला शब्द मांडी. हा शब्द कोणी घालून दिलेला नसे, तो मुलाचा स्वतःचा असे. आणि एके दिवशी दुसऱ्याने मांडलेला शब्दही आपल्याला कळतो, असे त्याला आढळून येई. वाचन अशा रीतीने, लेखनाच्या पाठोपाठ आणि न बोलावता येई.

आपल्या लिपीला ही पद्धत विशेष मानवते, हे पालकांनी ध्यानात घेण्याजोगे आहे. इंग्रजीत अक्षराचे नाव एक आणि ध्वनी दुसरा असतो. देवनागरीत अक्षराचे नाव हाच प्रायः त्याचा ध्वनी. त्यामुळे ऐकण्याकडून लिहिण्याकडे जाणारी वाट मराठी मुलाला सरळ पडते. खाचखळगे आहेत तेही ठरावीक जागी. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिताना आधी काढावी लागते. रकार कधी माथ्यावर रफार होऊन बसतो, तर कधी पायाशी तिरपा होतो. या जागी मूल अडखळले तर तो त्याचा मंदपणा नव्हे. लिपीचा तो घाट आहे, आणि घाट हळूच चढायचा असतो.

१९२६ साली गिजुभाई व ताराबाई यांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. त्याच्या ‘शिक्षणपत्रिका’ या मासिकाच्या मराठी आवृत्तीचे संपादन ताराबाईंनी अनेक वर्षे केले. मुलाचा हट्ट, त्याचे खेळ, त्याची भीती, त्याची शिस्त या विषयांवर मराठी आईबापांशी सोप्या भाषेत बोलणारे लेखन त्यांनी सातत्याने केले. शिक्षा आणि बक्षीस ही दोन्ही एकाच नाण्याची अंगे आहेत, असे त्या मानीत. शिक्षेला भिऊन वाचणारे मूल आणि बक्षिसासाठी वाचणारे मूल, दोघेही भीती वा आमिष संपताच पुस्तक मिटतात, असा त्यांच्या विचारांचा रोख होता.

१९३६ साली मुंबईत दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केले. त्याला जोडून बालशिक्षिकांच्या प्रशिक्षणाचे कार्यही चालू झाले. शहरातील सुशिक्षित मध्यमवर्गाने शिशुविहाराचे स्वागत केले. हसत शाळेत जाणारी मुले पाहून आईबाप सुखावले. १९३९ साली माँटेसरीबाई स्वतः भारतात आल्या आणि त्यांच्या पद्धतीचा देशभर गौरव होऊ लागला. ताराबाईंनी येथेच थांबावे, असे कोणालाही वाटले असते. संस्था स्थिरावली होती, कीर्ती मिळाली होती, वय पन्नाशी ओलांडून गेले होते.

पण एक शल्य त्यांना स्वस्थ बसू देत नव्हते. रोममध्ये जी पद्धती गरिबांच्या वस्तीत जन्मली, ती भारतात मात्र श्रीमंतांच्या मुलांची मिरासदारी होऊ पाहत होती. तिची साधने महाग होती; लाकडी संच, धातूच्या आकृत्या, रंगीत पेट्या विकत घेणे खेड्यातील शाळेला शक्य नव्हते. १९३१ साली लंडन येथे माँटेसरी प्रशिक्षण संस्थेला भेट दिली असता गांधीजींनीही भारतातील गरीब मुलांविषयी हीच चिंता व्यक्त केली होती. ज्या मुलाला घरी पुस्तक मिळते, त्याला शाळेने आनंद दिला, हे चांगलेच झाले. परंतु ज्याला अक्षराची सर्वांत अधिक गरज आहे, ते मूल या शाळेच्या दारापर्यंतही येत नाही, ही जाणीव ताराबाईंना बोचत राहिली.

१९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. याच वर्षी बोर्डीच्या परिसरातील उंबरगाव व डहाणू तालुक्यांत वारली समाज वेठबिगारी आणि सावकारी यांविरुद्ध गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उभा राहिला होता, हे लक्षात घेतले म्हणजे ताराबाई कोणत्या परिस्थितीत पाऊल टाकत होत्या, हे समजते. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. मोरगाव येथे १९१० साली जन्मलेल्या अनुताई बालविधवा. नोकरी करता करता रात्रशाळेतून त्या मॅट्रिक झाल्या. पुण्याच्या हुजूरपागेत त्यांनी अनेक वर्षे अध्यापन केले होते. १९४५ मध्येच बोरिवलीच्या ग्रामसेविकांच्या शिबिरात त्यांची ताराबाईंशी भेट झाली आणि गुरुशिष्येची ही जोडी पुढे जन्मभर टिकली.

बोर्डीत पहिला धडा ताराबाईंनाच मिळाला. मध्यवर्ती बालवाडी सजली, पण ज्यांच्यासाठी ती मांडली, त्या वस्त्यांतील मुले येईनात. कोणाला अंगावर धड कपडा नव्हता, कोणाला गावातील वाटेने येण्याचा संकोच होता, कोणाच्या कडेवर धाकटे भावंड होते. येथे दुसरी एखादी शिक्षिका पालकांच्या अनास्थेला दोष देऊन मोकळी झाली असती. ताराबाईंनी दोष शाळेच्या मांडणीत शोधला. मूल शाळेत येऊ शकत नसेल, तर शाळेने उठून मुलाकडे गेले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. वस्तीतीलच एखादे अंगण झाडून, सारवून तेथे मुले गोळा केली जाऊ लागली. त्यांना न्हाऊमाखू घालणे, केस विंचरणे, गाणी म्हणणे, गोष्टी सांगणे असा तेथील दिनक्रम असे. हीच अंगणवाडी. महागड्या पेट्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने, फुले आली. मोजायला चिंचोके, आकार ओळखायला पाने, बोटांना वळण लावायला माती. माँटेसरीबाईंचे साहित्य ताराबाईंनी बाजूला ठेवले, तत्त्व मात्र सोडले नाही.

१९५७ साली हे केंद्र डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या सान्निध्यात हलवण्यात आले. ताराबाई तेव्हा पासष्ट वर्षांच्या होत्या. येथे त्यांनी व अनुताईंनी ‘विकासवाडी’ची कल्पना साकारली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. यामागे साधा व्यवहार होता. वारली आईबाप मजुरीला गेले की सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्याला सांभाळत घरी राही. धाकट्याला पाळणाघर मिळाल्याखेरीज थोरलीच्या हाती पाटी येणे शक्य नव्हते. म्हणजे त्या मुलीच्या साक्षरतेचा पहिला धडा पाळण्यापाशी सुरू होत होता. मुलगे गुरांमागे रानात जात. गुरे सोडून ते शाळेत येणार नाहीत, हे ओळखून शिक्षकच फळा घेऊन कुरणात गेले, आणि ‘कुरणशाळा’ जन्माला आली. गुरे चरत असत आणि झाडाखाली अक्षरे उमटत असत.

भाषेचा प्रश्न मात्र अंगणापेक्षा अवघड होता. वारली मूल जी बोली बोलते, ती पुस्तकातील मराठीहून निराळी. त्याच्या घरच्या शब्दाला शाळेत अशुद्ध म्हटले की ते मूल मुके होते, आणि मुक्या मुलाला वाचायला शिकवता येत नाही. बालशिक्षिकेने प्रथम मुलाची बोली ऐकावी, त्याची गाणी, त्याचे नाच, त्याची रानातील ओळख शाळेत येऊ द्यावी, त्याला निर्भयपणे बोलते करावे, आणि मग त्याच्या शब्दांवरून पुस्तकाच्या शब्दांकडे न्यावे, हा कोसबाडच्या कार्याचा गाभा होता. ज्या घराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक रेखला जातो, त्या घरातील मुलाचा हात रिकामा नसतो. त्याच्याजवळ रेषा असते, लय असते, शंभर झाडांची नावे असतात. फक्त अक्षर नसते. ‘याला काही येत नाही’ या वाक्याने शिक्षण सुरू करायचे, की ‘याला पुष्कळ येते, एक अक्षर तेवढे द्यायचे आहे’ या भावनेने, यावर पुढचे सारे अवलंबून असते.

या मार्गाने सर्व प्रश्न सुटले असे मात्र नाही. भातलावणीचे दिवस आले की पट ओस पडत. पोटासाठी कुटुंब स्थलांतर करी, तेव्हा मूलही जाई. दारिद्र्य हटल्याखेरीज केवळ अध्यापनपद्धतीने शाळा भरत नाही, हे कोसबाडने रोजच पाहिले. तरीही ताराबाईंनी मुलाच्या गैरहजेरीला कधी गुन्हा मानले नाही. ते मूल परत आले की जेथे सोडले होते तेथून पुन्हा हात धरायचा, एवढेच.

१९६२ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. अनुताईंनी कोसबाडचे कार्य १९९२ साली अखेरचा श्वास घेईपर्यंत चालविले. आज तो शब्द देशातील अनेक लिप्यांत लिहिला जातो, होसकोट्यातल्या त्या पाटीवर कन्नडमध्ये.

ताराबाईंच्या चरित्राचा विचार करताना मला एक गोष्ट वारंवार जाणवते. त्यांच्या व्यावसायिक जीवनाची वाट अनेकांच्या उलट होती. आरंभी प्राचार्यपद, नंतर बालमंदिरातील शिक्षिका, मग वस्तीतले अंगण, शेवटी कुरण. जगाच्या हिशेबी प्रत्येक पाऊल खाली उतरणारे. पण त्या प्रत्येक पावलागणिक त्या एका मुलाच्या अधिक जवळ जात होत्या.

आपली शाळा मराठी माध्यमाची. साठ वर्षांपूर्वी तिच्या पहिल्या वर्गात बसलेल्यांपैकी कित्येकांच्या घरी पुस्तक नव्हते. घरची भाषा आणि शाळेची भाषा एक होती, म्हणून त्यांचा पहिला घाट सोपा गेला. आज परिस्थिती बदलली आहे. तीन वर्षांच्या मुलाला रेघोट्यांच्या वह्या भराव्या लागतात. शेजारचे मूल इंग्रजी वाक्ये म्हणते आणि आपले नुसतेच खेळते, या विवंचनेने आईबापांची झोप उडते. ही विवंचना खोटी नाही. मुलाच्या भवितव्याची ती काळजी आहे. ताराबाईंच्या आयुष्याचा आधार घेऊन एवढेच सुचवावेसे वाटते : लवकर गिरवणारे मूल लवकर वाचेलच असे नाही. ज्याच्याशी पुष्कळ बोलले जाते, ज्याला गोष्टी सांगितल्या जातात, ज्याच्या प्रश्नांना उत्तरे मिळतात आणि चुकल्यावर ज्याला भीती वाटत नाही, ते मूल वाचनाच्या वाटेला केव्हाच लागलेले असते. दुसरी भाषा, दुसरी लिपी हे त्यानंतरचे टप्पे आहेत. साठीनंतर कन्नड शिकताना मलाही माझ्या मराठीनेच बोट धरून नेले.

आज सकाळी पुन्हा त्या पाटीवरून गेले. आता ती वाचायला बोट ठेवावे लागत नाही. दारात चिमुकल्या चपला ओळीने मांडलेल्या होत्या आणि आतून कन्नड बडबडगीताचा सूर येत होता. शब्द मला निम्मेच कळले. पण मुले न घाबरता गात होती, एवढे मात्र स्पष्ट कळले. ताराबाईंनीही आधी तेच पाहिले असते.

(लेखिका शाळेच्या माजी विद्यार्थिनी असून सध्या होसकोटे, बेंगळुरू येथे राहतात.)